बाबा चष्म्याचा नंबर काढायला गेले आणि डॉक्टर बीपीचं विचारायला लागले. डोळ्याच्या पडद्यावरच्या नसांवरून खरंच कळतं का?

इतवारीची_लेक

नमस्कार मंडळी. जरा काळजीत आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

बाबांचं वय ५८. इतवारीत किराण्याचं ठोक दुकान, सकाळपासून रात्रीपर्यंत गादीवर बसून असतात. बिलावरचे आकडे धूसर दिसतात म्हणून धंतोलीतल्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. वाटलं होतं, जवळचा नंबर वाढला असेल, चष्मा बदलू आणि घरी येऊ. नंबर तेवढा वाढलेला निघाला. डोळ्याचं प्रेशर ठीक, मोतीबिंदू नाही. मग त्यांनी थेंब टाकले, अर्धा तास डोळे मिटून बसवलं आणि भिंग धरून बराच वेळ आत बघत राहिले. बघता बघताच विचारलं, "काका, बीपीची गोळी किती वर्षांपासून चालू आहे?" बाबा म्हणाले, गोळी कशाची, मला बीपी नाहीच.

तिथंच मोजलं तर १६८/९८. कागदावर लिहून दिलं की दोन्ही डोळ्यांत हायपरटेन्सिव्ह रेटिनोपॅथी (म्हणजे चढ्या बीपीनं पडद्यावर झालेला परिणाम) ग्रेड दोन, एव्ही निकिंग, फिजिशियनला दाखवावे.

तेव्हापासून बाबा चिडून आहेत. म्हणतात, जिना चढून गेलो, बाहेर ऊन रटरटत होतं, वरून डोळ्यात औषध टाकलं, मग बीपी वाढणारच. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, चष्मा लावला की शेवटची ओळ वाचतो. डोळ्याच्या डॉक्टरला हृदयाचं काय कळतं? हा त्याच्याकडे पाठवतो, तो याच्याकडे.

खर्रा आहे, म्हणजे घोटलेली सुपारी-तंबाखू. दिवसाला दोन-तीन पुड्या तरी होतात. आजोबा ६१ व्या वर्षी झोपेतच गेले, कशानं ते कोणालाच कळलं नाही. मला ती गोष्ट मनातून जात नाही.

पडद्यावरच्या नसा बघून बीपीचं, हृदयाचं काही सांगता येतं का? की हे उगाच घाबरवणं आहे? आणि बाबांना समजवायचं कसं?

महालवाला

ताई, टेन्शन घेऊ नका. आजकाल कुठंही जा, एका तक्रारीचे चार डॉक्टर होतात. कट प्रॅक्टिस सगळीकडे आहे. नागपूरच्या मे महिन्यात तर धडधाकट माणसाचंही बीपी वाढते. बाबांना त्रास काहीच नाही ना, मग राहू द्या. सकाळी उपाशीपोटी लसणाच्या दोन पाकळ्या सुरू करा. आमच्या घरी सगळे घेतात.

उमरेड_रोडचे_काका

ताई, मी नोकरीभर नेत्र चिकित्सा अधिकारी होतो. जिल्ह्यातल्या ग्रामीण रुग्णालयांत, मोतीबिंदूच्या शिबिरांत आणि शेवटची वर्षं शहरात पडद्याचे फोटो काढायच्या खोलीत. मी डॉक्टर नाही. निदान आणि औषध हे डॉक्टरांचं काम. पण पडदे भरपूर पाहिले आहेत, आणि महालवाल्या भाऊंचं "राहू द्या" वाचून मला राहवत नाही, म्हणून लिहून राहिलो.

त्या डॉक्टरांनी बाबांना फसवलं नाही. उलट चष्म्याला आलेल्या माणसाचा पडदा थेंब टाकून नीट पाहिला, यासाठी त्यांचे आभार माना. पुष्कळ ठिकाणी नंबर काढून वाटेला लावतात.

अंगातली रक्तवाहिनी सुई न टोचता, चिरफाड न करता, आपल्या डोळ्यांनी सरळ बघता येईल अशी जागा एकच आहे आणि ती म्हणजे डोळ्याचा पडदा. १८५१ मध्ये जर्मनीत हेल्महोल्ट्झ यांनी आत बघायचं यंत्र जगापुढे मांडलं, तेव्हापासून डॉक्टर तिथं डोकावून बाकीच्या शरीराचा अंदाज घेत आले आहेत. ही काही धंतोलीतली नवी टूम नाही.

आत काय दिसतं ते सांगतो, म्हणजे बाबांनाही सांगता येईल. मागच्या बाजूला एक फिक्कट केशरी गोल असतो, जेमतेम दीड मिलिमीटरचा. दृष्टीची नस तिथून मेंदूकडे जाते, आणि त्याच गोलातून रक्तवाहिन्या निघून वर-खाली पसरतात. धमन्या उजळ लाल आणि बारीक, शिरा गडद आणि जरा जाड. जाडीचं प्रमाण साधारण दोनास तीन. गोलाजवळची धमनी केसाएवढी, पुढं त्याहून बारीक होत जाते. आणि एक गोष्ट बघणाऱ्यालाही सुरुवातीला लक्षात येत नाही: निरोगी धमनीची भिंत दिसतच नाही. ती काचेसारखी आरपार असते. आपल्याला दिसतो तो आतल्या रक्ताचा लाल पट्टा आणि त्याच्या मधोमध उजेडाची एक बारीक पांढरी रेघ.

बीपी वर्षानुवर्षं चढं राहिलं की ही भिंत जाड होते, तिचा आरपारपणा जातो. पट्टा बारीक दिसायला लागतो आणि मधली रेघ पसरते. पुढं धमनीला तांब्याच्या तारेसारखी चमक येते, फारच झालं तर चांदीच्या तारेसारखी.

आता तुमच्या कागदावरचं निकिंग. धमनी आणि शीर जिथं एकमेकींवरून जातात तिथं दोघींचं बाहेरचं आवरण एकच असतं. एकीला सरकायला जागा नसते. धमनी कडक, जाड झाली की खालची शीर तिच्याखाली दबते. भिंगातून बघितलं तर गडद शीर चांगली भरलेली येते, धमनीजवळ येता येता निमुळती होते, गायब होते आणि पलीकडे पुन्हा निमुळतीच बाहेर पडते. संत्र्याच्या बागेत पाण्याच्या पाइपावर कोणी पाय ठेवला की जसं होतं, तसंच. लंडनचे मार्कस गन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हे लिहून ठेवलं, म्हणून काही डॉक्टर कागदावर गन साइन असंही लिहितात.

बाबांना एवढंच सांगा. जिना चढल्यानं बीपी वाढू शकतं. जिना चढल्यानं निकिंग होत नाही. ते एका दुपारचं काम नाही, त्याला वर्षं लागतात. बीपीचं मशीन त्या मिनिटाचा आकडा सांगतं. पडदा मागच्या कित्येक वर्षांचं सांगतो. म्हणूनच डॉक्टरांनी आकडा बघायच्या आधीच "गोळी किती वर्षांपासून" असं विचारलं.

उन्हाचं म्हणाल तर उलटं आहे. उकाड्यात त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या सैल होतात, घामावाटे पाणी आणि मीठ जातं. त्यामुळं बहुतेकांचं बीपी उन्हाळ्यात थोडं उतरलेलंच असतं आणि थंडीत वर जातं. मे महिन्यात १६८ असेल तर डिसेंबरात काय असेल याचा विचार करा.

थेंबांचं मात्र बाबा म्हणतात त्यात तथ्य आहे. बाहुली मोठी करायच्या थेंबांत बऱ्याचदा ट्रोपिकामाइडसोबत फिनाइलएफ्रिन असतं आणि त्यानं एखाद्याचं बीपी वर जाऊ शकतं. म्हणून पुढच्या वेळी थेंब टाकायच्या आधीच बीपी जास्त असल्याचं सांगा, नुसत्या ट्रोपिकामाइडवर काम भागतं. आणि त्या १६८ वर एकट्यावर बाबांना बीपीचा पेशंट ठरवू नका. पण पडदा आणि आकडा दोन्ही एकाच दिशेनं बोट दाखवून राहिले, तेव्हा घरी नीट मोजणं आलंच.

दंडावर बांधायचं मशीन घ्या, मनगटाचं नको. मोजायच्या आधी अर्धा तास चहा नाही, खर्रा नाही. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. गप्प म्हणजे दुकानाचा फोनसुद्धा नाही. एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजा, दोन्ही आकडे वहीत लिहा. सकाळी आणि संध्याकाळी, असा एक आठवडा. पहिल्या दिवशी दोन्ही दंडांवर मोजून बघा, ज्या हाताला जास्त येतं तोच पुढं धरा. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरची सरासरी १३५/८५ च्या वर असेल तर बीपी आहे. पण मधेच कधी १८०/१२० च्या वर आकडा आला आणि सोबत छातीत दुखणं, दम लागणं, नजर धूसर होणं किंवा जीभ जड होणं असं काही असलं, तर वही बाजूला ठेवा आणि थेट दवाखाना गाठा.

वही आणि डोळ्याचा कागद घेऊन फिजिशियनकडे जा. ते बहुधा शुगर, कोलेस्टेरॉल, क्रिएटिनिन, लघवीतलं प्रोटीन आणि ईसीजी सांगतील. यातलं लघवीचं प्रोटीन लोक टाळतात. टाळू नका. डोळ्यातल्या बारीक नसा जाड झाल्या असतील तर मूत्रपिंडातल्याही तशाच नाजूक असतात, आणि मूत्रपिंड बाहेरून बघता येत नाही. खर्चाची अडचण असेल तर सरकारी दवाखान्यात तिशीवरच्या कोणाचंही बीपी आणि शुगर फुकट तपासतात, बीपीच्या गोळ्याही तिथून मिळतात.

लसणाला माझी ना नाही, भाजीत खुशाल घाला. पण १६८ वर लसूण म्हणजे वेळ घालवणं आहे.

इतवारीची_लेक

काका, मनापासून आभार. तुमचं उत्तर बाबांना मोठ्यानं वाचून दाखवलं. "जिना चढल्यानं निकिंग होत नाही" इथं त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं आणि काहीच बोलले नाहीत. मशीन आणलं. आईनं वही केली.

दोन प्रश्न उरलेत. नजर एवढी चांगली आहे तर पडदा खराब कसा? आणि याचा अर्थ हार्टमध्ये ब्लॉकेज आहे असा होतो का? बाबांना सगळ्यात मोठी भीती अँजिओग्राफीचीच आहे. तोंडानं म्हणत नाहीत, पण मला कळतं.

वर्धमाननगर_ईस्ट

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर काका देतीलच. मी फक्त आमच्या घरचं सांगतो, कारण तेव्हा कोणी सांगणारं नव्हतं.

माझे मोठे काका. सकाळी दात घासताना उजव्या डोळ्यापुढं वरून काळा पडदा सरकत खाली आला. दुखलं काही नाही. काकूंनी चहा टाकला, चहा उकळेस्तोवर पुन्हा सगळं स्वच्छ दिसायला लागलं. घरात सगळे म्हणाले पित्त असेल, रात्री जागरण झालं होतं. त्यानंतर आठवड्याच्या आतच त्यांचा डावा हात लुळा पडला. मानेच्या डॉपलरमध्ये, म्हणजे रक्तप्रवाहाच्या सोनोग्राफीत, उजवीकडची रक्तवाहिनी बरीच बंद निघाली.

मला आजवर एक कळलं नाही. उजव्या डोळ्याला झालं, मग हात डावा कसा गेला?

प्रतापनगरची_नेहा

माझाही प्रश्न यातच जोडते. मिहानमध्ये आमच्या कंपनीत आरोग्य शिबिर होतं. एका मशीननं डोळ्याचा फोटो काढला, थेंबसुद्धा नाही, आणि दोन मिनिटांत कागद दिला: हृदयविकाराचा धोका कमी. हे कितपत खरं मानायचं? विचारते कारण माझ्या आईचा पडदा दर वर्षी शुगरसाठी तपासत होतो. कायम नॉर्मल. तरी तिला गेल्या दिवाळीत अटॅक आला. मग डोळ्यावरून हृदय कळतं म्हणायचं तरी कसं?

उमरेड_रोडचे_काका

नेहाताई, आई आता बऱ्या असतील अशी आशा करतो. तुमचा प्रश्न आणि इतवारीच्या ताईंचा ब्लॉकेजचा प्रश्न एकाच उत्तरात बसतो.

पडद्यावर दिसतात त्या केसाएवढ्या आणि त्याहून बारीक वाहिन्या. हृदयाच्या मुख्य धमन्या तीन-चार मिलिमीटरच्या. अटॅक येतो तो बहुतेकदा या मोठ्या धमनीत चरबीचा थर फुटून त्यावर गुठळी बसली म्हणून. तो थर पडद्यात दिसत नाही. बीपी, शुगर, तंबाखू या गोष्टी दोन्हीकडे नुकसान करतात, म्हणून एकीकडे बिघाड दिसला की दुसरीकडे बघायचं. पण पडदा स्वच्छ आहे म्हणून हृदयही स्वच्छ, हा हिशेब चुकीचा आहे. तुमच्या आईचा पडदा नॉर्मल होता याचा अर्थ शुगरनं बारीक नसा अजून बिघडवल्या नव्हत्या, एवढाच.

तसंच उलटीकडून. निकिंग म्हणजे ब्लॉकेज नव्हे. केवळ ग्रेड दोनच्या कागदावर अँजिओग्राफी करत नाहीत. बाबांना हे आज रात्रीच सांगा ताई. भीतीपायी माणूस दवाखान्याची पायरी चढत नाही आणि मग खरंच ती वेळ येते. अँजिओग्राफीचा विचार छातीत दुखणं, चालताना दम लागणं, ईसीजी किंवा स्ट्रेस टेस्टमध्ये काही आलं, तर.

पडद्याचं नातं हृदयापेक्षा मेंदूशी जास्त जवळचं आहे. पडदा हा मेंदूचाच बाहेर आलेला भाग, दोघांच्या बारीक वाहिन्या सारख्याच घडणीच्या. अमेरिकेत एरिक नावाचा एक मोठा अभ्यास १९८७ पासून चालू आहे. त्यात दहा हजारांवर लोकांच्या पडद्याचे फोटो काढून पुढं कोणाला स्ट्रोक आला ते बघितलं. २००१ मध्ये आलेल्या निष्कर्षात पडद्यावर रक्ताचे ठिपके किंवा कापसासारखे पांढरे डाग असलेल्यांत स्ट्रोकचा धोका दुप्पट ते तिप्पट होता, नुसतं निकिंग असलेल्यांत साधारण दीडपटीहून किंचित जास्त. बीपी, शुगर, सिगारेट हे सगळं हिशेबातून वजा करूनही. हृदयविकाराचं त्याच अभ्यासात वेगळं निघालं. बारीक झालेल्या धमन्यांचा संबंध बायकांमध्ये दिसला, पुरुषांमध्ये तसा दिसला नाही. बायकांचं हृदयाचं दुखणं बारीक वाहिन्यांत जास्त असतं, असं त्याचं एक कारण दिलं जातं. नेहाताई, तुम्ही आणि आईनं हे ध्यानात ठेवा.

आता नजर चांगली असूनही पडदा खराब कसा? वाचायचं काम करतो तो पडद्याचा मधला, मसुराच्या दाण्याहूनही लहान भाग. त्याच्या बाजूनं जाणाऱ्या वाहिन्या जाड झाल्या तरी मधल्या भागाला पाणी सुटेपर्यंत किंवा रक्तस्राव होईपर्यंत अक्षरं स्वच्छच दिसतात. आमच्याकडे येणारी माणसं शेवटची ओळ वाचून दाखवायची आणि आत ज्वाळेसारखे रक्ताचे पट्टे असायचे. चांगली नजर हा पडद्याचा दाखला नाही.

ग्रेडचं ज्यांना समजून घ्यायचं त्यांच्यासाठी. १९३९ मध्ये कीथ, वॅगनर आणि बार्कर या तिघांनी पडद्यावरून बीपीच्या पेशंटांचे चार गट केले. पहिल्या गटात धमन्या किंचित बारीक, दुसऱ्यात निकिंग, तिसऱ्यात रक्त आणि कापसाचे डाग, चौथ्यात नसेच्या गोलाला सूज. तेव्हा बीपीवर कामाचं औषधच नव्हतं. तीन वर्षांनी पहिल्या गटातली शंभरातली ७० माणसं जिवंत होती, चौथ्यातली ६. हे आकडे वाचून बाबांना घाबरवू नका, आज गोळ्या आहेत. पण गोळ्या आहेत म्हणून हा फरक पडला, बीपी निरुपद्रवी झालं म्हणून नव्हे. आजचे काही डॉक्टर पहिल्या दोन गटांना एकत्र धरून सौम्य म्हणतात, कारण त्या दोघांतली सीमा बघणाऱ्यागणिक हलते. बाबा त्या सौम्य गटात आहेत. वेळ हातात असताना कळलं.

शिबिरातल्या मशीनबद्दल. गूगलच्या संशोधकांनी २०१८ मध्ये तीन लाखांच्या आसपास माणसांचे पडद्याचे फोटो संगणकाला शिकवले. त्यानं नुसत्या फोटोवरून वय साधारण तीन-सव्वातीन वर्षांच्या फरकानं ओळखलं, पुरुष की बाई तेही जवळजवळ अचूक. हे मलाही थक्क करणारं वाटलं, कारण फोटो बघून पुरुष की बाई हे आम्हाला कोणालाच सांगता यायचं नाही. वरचं बीपी मात्र सरासरी ११ आकड्यांच्या फरकानं. आता सांगा, दंडाला पट्टा बांधून बीपी सरळ मोजता येत असताना अंदाजावर का जायचं? कोणाला पुढं अटॅक येईल हे ओळखण्यात ते यंत्र वय, बीपी, कोलेस्टेरॉल, सिगारेट विचारून काढायच्या जुन्या तक्त्याच्या जवळपास पोचलं, पुढं गेलं नाही. जिथं रक्त तपासायची सोय नाही तिथं याचा उपयोग होईल असं मला वाटतं. पण तुमच्या कागदावरच्या "धोका कमी" वर बीपी आणि शुगर मोजणं सोडू नका. आईला अटॅक आला आहे, म्हणजे तुमच्या घरात हे आहे.

आपल्याकडे काम झालेलं नाही असं नका समजू. नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटनं २००६ ते २००९ या काळात शहरापासून चाळीसेक किलोमीटरवरच्या खेड्यांत तिशीपुढच्या ४७११ माणसांचे डोळे आणि सोबत बाकीचं शरीरही तपासलं. सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी या नावानं ते काम जगभर वाचलं जातं. डोळा आणि शरीर वेगळं काढून बघायचं नाही, हे आपल्याच जिल्ह्यात कोणीतरी मनावर घेतलं होतं याचा मला अभिमान वाटतो.

वर्धमाननगरचे भाऊ, तुमच्या काकांचं वाचून वाईट वाटलं. उजव्या डोळ्याला रक्त उजवीकडच्या मानेतल्या धमनीतून जातं, आणि मेंदूच्या उजव्या अर्ध्यालाही. मेंदूचा उजवा अर्धा डावा हात चालवतो. मानेत साचलेल्या चरबीचा तुकडा आधी डोळ्यात गेला, विरघळला किंवा पुढं सरकला म्हणून नजर परत आली. पुढचा तुकडा मेंदूत गेला. असा तुकडा पडद्याच्या धमनीत पिवळा, चकाकणारा दिसतो. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या होलेनहॉर्स्ट यांनी १९६१ मध्ये त्याचं महत्त्व दाखवून दिलं. (आपलं मेयो हॉस्पिटल ते वेगळं.)

म्हणून वाचणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून सांगतो. एका डोळ्याची नजर अचानक, न दुखता गेली, मग ती पाच मिनिटांत परत आली तरी, ते पित्त समजू नका. सकाळची वाट बघू नका, चष्म्याच्या दुकानात जाऊ नका. ज्या मोठ्या दवाखान्यात स्ट्रोकचा पेशंट घेतात तिथं त्याच दिवशी, त्याच तासाला जा. पुढचे काही दिवसच सगळ्यात धोक्याचे असतात.

आणि खर्रा. ताई, पन्नीत घोटलेल्या त्या सुपारी-तंबाखू-चुन्यात बाबांच्या गोळीचं अर्धं काम पाण्यात जाईल. निकोटिननं वाहिन्या आवळल्या जातात आणि प्रत्येक पुडीला बीपी वर जाऊन येतं. दिवसभर गालात धरून बसणाऱ्याचं ते उतरायचं नावच घेत नाही. मी शिबिरांत बघितलेल्या पुरुषांपैकी कोणी खर्रा एकदम सोडला, कोणी पुड्या कमी करत नेला, पण बायको-मुलीनं ओरडून सोडलेला मला एकही आठवत नाही. फिजिशियनसमोर बाबांनाच बोलू द्या. तंबाखू सोडायला औषधं आणि समुपदेशन दोन्ही मिळतं, मागा. जेवणात पापड, लोणचं, शेव-चिवडा आवरा. मिठाची दिवसाची मर्यादा ५ ग्रॅम आहे, म्हणजे चहाचा एक चमचा, आणि तो आपल्याकडे तर्री-पोह्याच्या एका प्लेटीपासूनच संपायला लागतो.

महालवाला

काका, लसणाचं मी मागं घेत नाही, पण मोठ्या भावाला मशीन घेऊन देतो. त्यांनाही गोळी नाही आणि कधी मोजलंही नाही.

उमरेड_रोडचे_काका

हे छान केलंत भाऊ. स्वतःचंही मोजा.

इतवारीची_लेक

आठवड्याची सरासरी काढली. १५४/९४. बाबांनी स्वतः कॅल्क्युलेटरवर काढली, दोनदा. दुकान बंद करून फिजिशियनकडे आले. टेल्मिसार्टन सुरू केलंय. ईसीजी ठीक. लघवीत थोडं प्रोटीन आलंय, महिन्यानं पुन्हा बघू म्हणाले. शुगर काठावर. अँजिओग्राफीचं नावही निघालं नाही, तेव्हा बाबांचा चेहरा बघण्यासारखा होता. खर्र्याचं त्यांनी आपणहून सांगितलं, पुड्या किती तेही, मी धरले होते त्याहून जास्त.

शेवटचं विचारते. बीपी ताब्यात आलं की पडदा पुन्हा पहिल्यासारखा होईल का?

उमरेड_रोडचे_काका

फार बरं वाटलं वाचून. लघवीच्या प्रोटीनचा महिना चुकवू नका, गोळी मूत्रपिंडासाठीही चांगली निवडली आहे त्यांनी.

रक्ताचे पट्टे आणि कापसाचे डाग असते तर बीपी उतरल्यावर काही आठवड्यांत-महिन्यांत विरले असते. निकिंग मात्र बहुधा राहतं, भिंत एकदा जाड झाली की ती मागं फिरत नाही. ते तसंच दिसलं म्हणून पुढच्या वर्षी बाबांनी "गोळीचा उपयोग नाही" असं म्हणू नये, म्हणून आताच सांगून ठेवतो. बघायचं ते नवीन काही वाढलं का. त्या दबलेल्या जागीच कधी शिरेत गुठळी होते आणि पडद्याच्या त्या पट्ट्यात रक्त पसरतं, तेच टाळायचं आहे.

त्यासाठी एक काम करा. डोळ्याच्या डॉक्टरांकडून दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा फोटो काढून मागून घ्या. "ग्रेड दोन" हे शब्द एका डॉक्टरचे एक, दुसऱ्याचे दुसरे होतात, फोटो शेजारी ठेवून मात्र कोणालाही बघता येतं. शुगर काठावर आहे म्हणून वर्षातून एकदा पडदा दाखवाच. थेंब टाकले की चार-सहा तास उजेड सहन होत नाही, तेव्हा संध्याकाळची वेळ घ्या आणि बाबांना गाडी चालवू देऊ नका. फोटो मोबाइलमध्ये ठेवू नका, हरवतो. छापून घ्या, मागं तारीख आणि त्या दिवसाचं बीपी लिहा, आणि आईच्या त्या वहीतच चिकटवा.